वायूचा माग, न तापवता

वायू ओळखणारा नेहमीचा संवेदक तापवलेला असतो. कथील ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन बसतो, इलेक्ट्रॉन अडकवतो आणि विद्युतरोध वाढतो. स्वयंपाकाचा गॅस आला की त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, रोध उतरतो. जपानमध्ये सेइयामा आणि तागुची यांनी 1962 च्या सुमारास दाखवलेल्या या वाटेला एक पथकर आहे: 200 ते 400 अंश सेल्सिअस तापमान. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसणाऱ्या एमक्यू-2 या संवेदकाचा हीटर सुमारे 0.8 वॉट खातो, म्हणजे दहा वॉट-तासांची बॅटरी साडेबारा तासांत संपते. घरात प्लगला जोडलेल्या यंत्राचे यात काही बिघडत नाही, पण वीज नसलेल्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने पहारा द्यायचा तर हे परवडत नाही.

म्हणून हीटरच काढून टाकायचे प्रयत्न चालू आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही भौतिकशास्त्राच्या संशोधकांनी रासायनिक द्रावणातून धातू-ऑक्साइडचे नॅनोथर काढून ते साध्या तापमानाला वायूंसाठी तपासले आहेत. कण बारीक झाले की पृष्ठभाग वाढतो आणि उष्णतेची उणीव काही अंशी भरून निघते. माझ्या मते खरी कसोटी मात्र वीजबचतीची नसून हवेची आहे. हवेतल्या ओलाव्यामुळे संवेदकावर बसणारा पाण्याचा थर तीनशे अंशांना टिकत नाही. पंचवीस अंशांना टिकतो. अमोनियासारखा वायू त्या थरात विरघळून आयन तयार करतो. मग संकेत ऑक्साइडचा की पाण्याचा? नांदेड-लातूरची हवा एप्रिलमध्ये कोरडी ठक्क असते, ऑगस्टमध्ये ओलीचिंब. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि अर्धवाहकाचा रोध नुसत्या तापमानानेही हलतो. कोरड्या हवेत, एकाच तापमानाला मिळालेला आकडा इथे अर्धेच उत्तर देतो.

प्रयोगशाळेने आधी परिस्थिती स्थिर ठेवू नये का? ठेवावीच, त्याशिवाय कारण हाती लागत नाही. शेजारी आर्द्रतामापक बसवून आकडा दुरुस्त करावा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण पाणी नुसता मूळ रोध बदलत नाही, वायूच्या जागाही बळकावते. म्हणजे संवेदनशीलताच बदलते आणि साधी वजाबाकी पुरत नाही. शिवाय गार पृष्ठभागाला चिकटलेला वायू लवकर सुटत नाही, त्यामुळे पुढची गळती जुन्या थकबाकीवर मोजली जाते. त्यावर अतिनील प्रकाश किंवा उष्णतेचा छोटा झटका हे उपाय आहेत. दर दहा मिनिटांनी दहा सेकंद तापवले तर सरासरी वीज साठाव्या हिश्श्यावर येते. एमक्यू-2 ला इतकी चपळाई जमत नाही. सिलिकॉनच्या पातळ पडद्यावरच्या सूक्ष्म हीटरला जमते. कुणी याला माघार म्हणेल. मी म्हणणार नाही. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी अमोनियाची सरासरी मर्यादा दहा लाखांत 25 भाग आहे, आणि ती ऑगस्टमध्येही तेवढीच असते.