भाग : दूतावास, रस्ता आणि मधले 100 फूट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की दूतावासांची सुरक्षा म्हणजे नेमकं काय असतं? कॅमेरे, बंदूकवाले पहारेकरी हे सगळं असतंच. पण मी कोड लिहिणारा माणूस, मला त्यातला एक साधा आकडा महत्त्वाचा वाटतो. 100 फूट.

18 एप्रिल 1983 ला बैरूतमधल्या अमेरिकन दूतावासाच्या अगदी दारात स्फोटकांनी भरलेली गाडी फुटली. 63 माणसं गेली. गाडीबॉम्ब काही नवा नव्हता, सायगावच्या दूतावासासमोर 1965 मध्येच तो फुटला होता. पण बैरूतनंतर अमेरिकेने अ‍ॅडमिरल बॉबी इनमन यांची समिती नेमली आणि 1985 मध्ये समितीने सांगितलं, की इमारत रस्त्यापासून निदान 100 फूट आत हवी. कारण सरळ आहे. अंतर दुप्पट केलं, की स्फोटाचा दाब निम्मा नाही, त्याहून कितीतरी कमी होतो. भिंत जाड करण्यापेक्षा ती लांब नेणं जास्त फायद्याचं.

फक्त त्याला जमीन लागते, आणि पैसा. तिथेच घोडं अडलं.

नैरोबीचा दूतावास शहराच्या ऐन गर्दीत, दोन मोठ्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर होता. राजदूत प्रुडन्स बुशनेल यांनी ही जागा धोक्याची आहे, असं वॉशिंग्टनला वारंवार कळवलं. नवी इमारत काही मिळाली नाही. 7 ऑगस्ट 1998, शुक्रवार, सकाळी साडेदहाच्या सुमाराला मागच्या पार्किंगच्या दांड्यापाशी ट्रक आला. तिथल्या पहारेकऱ्याकडे शस्त्र नव्हतं, तरी त्याने दांडा उचलला नाही. हल्लेखोराने आधी ग्रेनेड फेकला. आवाज ऐकून आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं काय झालं ते बघायला खिडक्यांशी आली, आणि मग ट्रक फुटला. काचांनी कित्येकांचे डोळे गेले.

आता हे नीट ऐका. दूतावासाचा काँक्रीटचा सांगाडा उभा राहिला. कोसळली ती शेजारची उफुंडी हाउस, ज्यात सेक्रेटरीचं काम शिकवणारं कॉलेज होतं. नैरोबीत 213 मेले, त्यात अमेरिकन 12. बाकी जवळपास सगळे केनियाचे लोक. कुणी ऑफिसात, कुणी वर्गात, कुणी रस्त्यावर बसमध्ये.

1999 मध्ये 100 फुटांचा कायदाच झाला. मग वकिलाती शहराबाहेर, मोठ्या आवारांत सरकू लागल्या. (आपल्या मुंबईतलीसुद्धा 2011 मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून बीकेसीत गेली.) इस्तंबूलची अमेरिकन वकिलात 2003 मध्ये गावाबाहेरच्या टेकडीवर, इस्तिनियेला गेली. ब्रिटिशांची मात्र बेयोलूच्या गजबजलेल्या भागात, जुन्या आवारातच राहिली. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला ट्रक तिच्या फाटकावर आदळला. कॉन्सल जनरल रॉजर शॉर्ट गेले, आणि त्यांच्याबरोबर वकिलातीतले कर्मचारी आणि रस्त्यावरून चाललेली माणसंही.