एका रिळाचे घोडेस्वार

मूकपटांतल्या विनोदाचा विषय निघाला की आपले आढावाकार चॅप्लिनपासून सुरू होतात, कीटनपाशी रेंगाळतात आणि घड्याळाला लोंबकळणारा लॉइड दाखवून लेख संपवतात. एक-दोन रिळांचे काउबॉय विनोदपट त्यांच्या यादीत नसतात. असले तरी मुख्य खेळाआधीची भरताड म्हणून. या मताशी मी उभा जन्म भांडत आलो आहे. घोडा आणि दोर ज्यांच्या रोजच्या हातातला होता, अशा माणसांनी केलेलं काम भरताड कसं?

सुरुवातीचा भाग भराभर सांगतो. काउबॉयपटांचा नट ‘ब्राँको बिली’ अँडरसनने १९१२ मध्ये एसाने या चित्रपट कंपनीचं बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या नाइल्समध्ये थाटलं. स्नेकव्हिल या कल्पित गावातल्या गमतीजमती तिथल्याच. आधी ऑगस्टस कार्नीचा अल्कली आइक गाजला, मग व्हिक्टर पॉटेलचा स्लिपरी स्लिम. १९१५ मध्ये चॅप्लिन नाइल्सला आला, ‘द ट्रॅम्प’ तिथेच घडला. पण त्याच्याआधीपासून ते गाव लोकांना हसवत होतं, हे कुणी लिहीत नाही. आर्बकलचा ‘आउट वेस्ट’ (१९१८), लॉइडचा ‘बिली ब्लेझेस’ (१९१९) यांत दंगा भरपूर. कीटनने ‘द फ्रोझन नॉर्थ’मध्ये (१९२२) काउबॉयपटांतला नट विल्यम हार्ट याच्या आसवं गाळणाऱ्या नायकाची अशी नक्कल केली, की हार्ट मनापासून दुखावला.

आता विल रॉजर्स. हा माझा माणूस. जन्म १८७९ चा, आजच्या ओक्लाहोमातला. चेरोकी रक्ताचा आणि खरोखर गुरं राखलेला. दोर फिरवता फिरवता गप्पा मारत त्याने न्यूयॉर्कचा रंगमंच जिंकला. १९२२ मध्ये ‘द रोपिन’ फूल’ हा दोन रिळांचा पट त्याने स्वतःचे पैसे घालून काढला. गोष्ट नावापुरती. खरी करामत मंदगती चित्रणात आहे: फास हवेत कसा उघडतो, मनगट कुठे वळतं, सगळं निवांत दिसतं. या पटाची आठ मिलिमीटरची प्रत एका परदेशस्थ मित्राकडून मिळाली, तेव्हा आम्ही ती सोलापुरात गिरणीच्या चाळीत पांढऱ्या चादरीवर दाखवली होती. मंगळवेढ्याकडचे एक मेंढपाळ पाहुणे म्हणाले, “दोर इतका पांढराफेक कुठं असतुया?” लाखातला प्रश्न! पडद्यावर दोर उठून दिसावा म्हणून रॉजर्सने त्याला बुटाचं पांढरं पॉलिश लावलं होतं. ज्याच्या हाताला दोर ठाऊक, त्यालाच ते कळलं. पुढे ‘टू वॅगन्स, बोथ कव्हर्ड’मध्ये (१९२४) आदल्या वर्षीच्या ‘द कव्हर्ड वॅगन’ या गाजलेल्या भव्यपटाची त्याने दुहेरी भूमिकेत टर उडवली. तोही दोनच रिळांत.

आपल्याकडे घोड्यावरचा विनोद नव्हता, पण हातावरचा होता. दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत. नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवत. १९१४ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’सोबत त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपट दाखवला, पुढे काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. रॉजर्सचा दोर आणि फाळक्यांच्या काड्या मी एकाच रांगेत ठेवतो. दोघांचंही हसू कसबातून येतं, पडण्याआपटण्यातून नव्हे. आणि आमचे विद्वान फाळक्यांना पौराणिक चौकटीत बसवून मोकळे होतात! ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्याच खेळात नाच होता, पायांवर कसरत करणारा होता आणि ‘टिप-टॉप कॉमिक्स’ही होते. प्रेक्षकाला हे सगळं एका तिकिटात हवं होतं. छोटा पट मोठ्या पटाचा सोबती होता.

ती सोबत तुटली याचं मला फार वाईट वाटतं. आता फोनवर मिनिटाला दोन गमती येतात, पण कॅमेरा हातावर ठरतच नाही. कसब दिसण्याआधी दृश्य कापलं जातं. मंदगती तर लग्नाच्या व्हिडिओतही आहे, मात्र तिच्यात बघण्यासारखं मनगट नसतं. महोत्सववाले अडीच तासांचे मूकपट थाटात लावतात आणि दोन रिळांना वेळ नाही म्हणतात. ‘पिठाचे पंजे’ आज पाहायला मिळत नाही. जे जगात शिल्लक आहे तेही आपण दाखवत नाही. येत्या ३ मे ला सोलापुरातल्या एखाद्या चित्रगृहाने मुख्य खेळाआधी ‘द रोपिन’ फूल’ लावावा. वीस-पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. पेटीवादक मी आणतो.