नखाएवढ्या चकतीचा हिशेब

थोरियमच्या पातळ पत्र्याचा नखाएवढा तुकडा कापायचा, सूक्ष्म तराजूवर तोलायचा आणि ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळायचा. शेजारी इंडियमचा तेवढाच तुकडा ठेवायचा, पण वेगळ्या वर्खात, म्हणजे एकाचे किरणोत्सारी कण उडून दुसऱ्याला चिकटणार नाहीत. ही पुडी मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाते. तिथे संस्थेचा आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचा सामाईक त्वरक आहे, पेलेट्रॉन. १९८८च्या अखेरीस सुरू झालेलं हे यंत्र एका मनोऱ्यात उभं बसवलेलं आहे.

पुडीला विचारायचा प्रश्न एकच. अमुक ऊर्जेचा न्यूट्रॉन थोरियमच्या अणुकेंद्रकावर आला, तर ते त्याला गिळेल याची शक्यता किती? या शक्यतेला भौतिकशास्त्रज्ञ क्षेत्रफळात मोजतात, जणू केंद्रक म्हणजे नेमबाजीचं लक्ष्य. मराठीत काटछेद म्हणता येईल, पण प्रयोगशाळेत मराठी बोलणारेही क्रॉस सेक्शनच म्हणतात. एकक आहे बार्न, म्हणजे धान्याचं कोठार. १९४२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात होलोवे आणि बेकर या दोघांनी ते नाव ठेवलं. एक चौरस सेंटिमीटरचे एकावर चोवीस शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक बार्न. केंद्रकाच्या मापाने हे खरोखर कोठाराएवढं.

लक्ष्याची ही उपमा फार ताणू नये. मंद न्यूट्रॉन पुढे आला की केंद्रकाचा खरा आकार आणि त्याचा क्रॉस सेक्शन यांचा मेळ राहत नाही. मंद न्यूट्रॉनांसाठी थोरियम-२३२चा ग्रहणाचा आकडा साधारण ७.४ बार्न, सोन्याचा ९९च्या आत-बाहेर आणि झेनॉन-१३५चा तब्बल २६ लाखांहून जास्त. या झेनॉनने १९४४च्या सप्टेंबरात अमेरिकेतली हॅनफर्डची अणुभट्टी सुरू झाल्यावर काही तासांतच बंद पाडली होती. भट्टीत जास्तीच्या इंधननळ्यांची सोय आधीच केलेली होती, म्हणून निभावलं. एक आकडा माहीत नसला तर काय होतं, याचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मनोऱ्याकडे. पेलेट्रॉनच्या पोटात धातूच्या नळकांड्यांची साखळी फिरते. नळकांडी नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखी. फक्त इथे पाण्याऐवजी विद्युतभार वाहून नेला जातो. मधल्या टर्मिनलवर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत दाब चढवता येतो. ठिणगी उडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो. वरून ऋणभारित हायड्रोजन खाली खेचला जातो, टर्मिनलमध्ये त्याचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात, आणि उरलेला धनभारित प्रोटॉन त्याच दाबाने पुढे ढकलला जातो. एका दाबात दोन धक्के.

न्यूट्रॉनला मात्र भारच नाही, त्यामुळे त्याला असा धक्का देता येत नाही. म्हणून प्रोटॉन लिथियमच्या पातळ पत्र्यावर आदळवतात आणि त्यातून न्यूट्रॉन बाहेर काढतात. या अभिक्रियेला किमान १.८८ एमईव्ही ऊर्जा लागते, ५.६ एमईव्हीचा प्रोटॉन सोडला तर समोरच्या दिशेने सुमारे ३.७ एमईव्हीचा न्यूट्रॉन मिळतो. किरणाला वळवणाऱ्या चुंबकाच्या वर, सहा मीटरच्या जागी, ही पुडी लावून काही तास मारा करतात.

मग खरी दगदग. न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ बनतं. त्याचं अर्धायुष्य जेमतेम २२ मिनिटं. त्यातून प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, ते २७ दिवसांचं, आणि शेवटी युरेनियम-२३३, म्हणजे भारताच्या अणुकार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याचं इंधन. पुडी सोडून थोरियमची चकती द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेल्या जर्मेनियम डिटेक्टरसमोर धरली, की पडद्यावर गॅमा किरणांच्या शिखरांची रांग उभी राहते. त्यातलं ३१२ केईव्हीचं शिखर प्रोटॅक्टिनियमचं. शिखराखालची मोजणी, डिटेक्टरची कार्यक्षमता, चकतीतले अणू, मारा संपल्यापासून गेलेला वेळ, या सगळ्यांच्या भागाकार-गुणाकारातून क्रॉस सेक्शन निघतो. पण चकतीवर न्यूट्रॉन किती पडले हे थोरियमवरून कळत नाही. त्यासाठी ते इंडियम. त्यातली अभिक्रिया आधीच चांगली मोजलेली आहे. साडेचार तासांच्या अर्धायुष्याचं, ३३६ केईव्हीचं शिखर मोजलं की न्यूट्रॉनांचा ओघ समजतो. म्हणजे नवा आकडा जुन्या आकड्याच्या खांद्यावर उभा असतो. तो खांदा हलला की वरचाही हलणार.

आणि न्यूट्रॉन सगळे एका ऊर्जेचे नसतात, ही या पद्धतीची कायमची डोकेदुखी. मुख्य शिखरामागे कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचं शेपूट येतं, आणि प्रोटॉनची ऊर्जा वाढवावी तसं ते लांबतं. थोरियम मंद न्यूट्रॉन जास्त आवडीने गिळतं, त्यामुळे शेपटातले थोडेसे न्यूट्रॉनही मोजणी फुगवतात. ते वजा करावं लागतं. माझ्या मते प्रयोग चांगला की सुमार, हे या वजाबाकीतच ठरतं. शेपटाची कटकट नको असेल तर दुसरा मार्ग आहे. ट्रिटियमवर ड्यूटेरॉन आदळवले की १४ एमईव्हीच्या आसपासचे न्यूट्रॉन मिळतात. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात असं जनित्र वापरून अशा मोजण्या झाल्या आहेत. तिथली अडचण उलटी, की ऊर्जा हवी तशी बदलता येत नाही.

हे झालं एकेका अभिक्रियेचं. असे हजारो आकडे एकत्र घालून अणुभट्टीचं गणित मांडलं, तर ते खरं ठरेल का? ही परीक्षा छोट्या भट्ट्यांवर होते. तुर्भ्याला १९७२ साली प्लुटोनियम ऑक्साइडच्या इंधनावर पूर्णिमा सुरू झाली (इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून इतकं देखणं नाव क्वचितच जमतं). १९८४ साली पूर्णिमा-२ युरेनियम-२३३च्या द्रावणावर चालली आणि १९९६ साली कल्पाक्कमला ३० किलोवॅटची कामिनीही युरेनियम-२३३वरच सुरू झाली. इथे मोकळीक फार थोडी. युरेनियम-२३५च्या विखंडनातून उशिरा येणारे न्यूट्रॉन हजारात साडेसहा, युरेनियम-२३३मध्ये तीनही नाहीत, आणि भट्टीवरचा ताबा याच मूठभर न्यूट्रॉनांवर टिकून असतो. गणितातली अर्ध्या टक्क्याची चूकही मग किरकोळ राहत नाही. उलट बाजूही आहे: दोन चुकीचे आकडे एकमेकांना झाकून बरोबर उत्तर देऊ शकतात. भट्टी जमली म्हणून आकडे बरोबर, असं म्हणता येत नाही. म्हणून चकत्या मोजणं थांबत नाही.

मोजलेला आकडा शेवटी एक्सफॉर या आंतरराष्ट्रीय संग्रहात जातो. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था त्याचा समन्वय पाहते आणि त्यात वीस हजारांहून जास्त प्रयोग नोंदलेले आहेत. नोंदीत आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता असते, आणि प्रमाण म्हणून कोणती अभिक्रिया घेतली, तिचं कोणतं मूल्य आणि कोणतं अर्धायुष्य धरलं, हेही लिहायचं असतं. इंडियमचा आकडा उद्या सुधारला, तर कुलाब्याला झालेली जुनी मोजणी यंत्र पुन्हा न चालवता, कागदावरच दुरुस्त करता येते.