निरगुडीचा पाला आणि खोटी गोळी

गुडघा धरला की तुमची आजी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करते, एरंडेलाचा हात फिरवून गुडघ्यावर बांधते आणि सकाळी म्हणते, "उतरली बघा सूज!" आता निरगुडसर गावच्या माणसानं निरगुडीवर शंका घ्यायची म्हणजे घरचा आहेरच. तरी विचारतो, पोरांनो: सूज उतरली ती पाल्यानं, शेकानं, रात्रभराच्या विश्रांतीनं, की आपली आपण?

बांधावरचं ते झुडूप बघून या. एका देठाला बहुतेक पाच पानं, वरून हिरवी, खालून राखाडी. चुरगाळलं की उग्र वास. शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरी.

आणि सूज म्हणजे काय? ठेच लागली की शरीरच तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैल सोडतं. पाटकऱ्यानं डिंभे धरणाच्या कालव्याचं दार उचलावं तसं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं, पांढऱ्या पेशीही येतात. जागा लाल होते, तापते, ठणकते. दार उचलायचा हुकूम देणारी रसायनं असतात. आधी हिस्टामिन, मागून प्रोस्टाग्लँडिन. ॲस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

सूज मोजायची युक्ती मात्र मजेशीर आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ती मांडली. पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन टोचायचं. हा समुद्रातल्या लाल शेवाळाचा अर्क, आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात. तीन-चार तासांत पंजा टम्म फुगतो. घोट्याला शाईची खूण करून पंजा खुणेपर्यंत नळीतल्या द्रवात बुडवायचा. टोचण्याआधीपेक्षा द्रव जितका जास्त वर चढेल तितकी सूज. काही उंदरांना औषध, काहींना नुसतं पाणी. बिचाऱ्या उंदरांचं वाईट वाटतं खरं.

श्रीलंकेतल्या संशोधकांनी निरगुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क असा तपासला आणि २००३ साली छापलं की पंजाची सूज कमी भरली. म्हणजे आजी जिंकली? थांबा. उंदरांना अर्क पाजला होता. आजी पाला बांधते. प्रश्नच वेगळा.

माणसाची गोष्ट तर आणखी अवघड. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई गुग्गुळ, हळद आणि सुंठ यांचं औषध आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे तपासलं. काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब तशीच खोटी. कुणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २००० साली निकाल छापला. खऱ्या गोळीवाल्यांपैकी शंभरात ३९ जणांना ठरलेल्या मापानं उतार पडला. आणि खोटीवाल्यांपैकी? शंभरात ३० जणांना! औषधाचा कणही पोटात गेला नव्हता. मधला फरक इतका थोडा की तो योगायोगानंही पडू शकतो.

पुढे तेच औषध गुडघ्याच्या झिजेवर ९० जणांना ३२ आठवडे दिलं, तेव्हा मात्र त्यानं खोट्या गोळीला मागं टाकलं. एका दुखण्यात हरलं, दुसऱ्यात जिंकलं. मला हे दोन्ही निकाल सारखेच आवडतात, कारण हरलेला निकालही त्या माणसांनी लपवला नाही.

२०१३ साली याच मंडळींनी सुंठ-गुळवेलीची औषधं ४४० रुग्णांवर तपासली. गुडघेदुखीत ती सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीच्या तोडीस उतरली. पण काहींच्या रक्तात यकृताचं एक विकर वाढलेलं सापडलं. 'झाडपाला आहे, अपाय कसला' म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आजीला शेक घेऊ द्या, तिला बरं वाटतं. पण सूज आठवडाभर हटली नाही, सांधा तापला किंवा अंगात ताप भरला, तर पाल्यावर थांबू नका. तिला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, आणि घरी कुठला काढा चालू असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.