वेबसॉकेट जोडलं की लगेच तुटतंय? आधी खरा एरर कोड बघा

समजा, हिंगोलीच्या बाजारातले हळदीचे भाव जवळा बाजारच्या शेतकऱ्यांना मोबाईलवर लाईव्ह दाखवायचे आहेत. सर्व्हर डॉकर कंटेनरमध्ये चालू आहे, लॉगिनही होतं. पण वेबसॉकेट जोडलं की लगेच तुटतं आणि आपल्या कोडला फक्त १००६ मिळतो. आता शोधायचं कुठे?

वेबसॉकेटची सुरुवात साध्या एचटीटीपी रिक्वेस्टने होते. सर्व्हरने १०१ दिला की कनेक्शन झालं. ओळख पटली नाही तर तो ४०१ किंवा ४०३ देतो, पण ब्राउझर हा आकडा जावास्क्रिप्टला सांगत नाही. म्हणून खरा कोड नेटवर्क टॅबमध्ये किंवा कंटेनरच्या लॉगमध्ये बघा.

४०१ आला तर बहुतेक वेळा गडबड टोकनची असते.

१. टोकन पोचतंय का? ब्राउझरच्या वेबसॉकेटला ऑथोरायझेशन हेडर लावता येत नाही. पोस्टमनमध्ये चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही, त्याचं कारण बरेचदा हेच. टोकन कुकीतून पाठवा. यूआरएलमध्ये टाकलंत तर ते लॉगमध्ये उरतं, म्हणून त्याची मुदत अगदी कमी ठेवा.

२. सीक्रेट की तीच आहे का? ॲप दर वेळी नवीन की बनवत असेल, तर कंटेनर रीस्टार्ट झाला की जुनी टोकन बाद. की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पक्की करा. ती बदलली तर 'डॉकर कंपोज रीस्टार्ट' पुरत नाही, 'डॉकर कंपोज अप' परत चालवावं लागतं.

४०३ आला तर ओरिजिन तपासा. पेज लोकलहोस्टवरून उघडलंय आणि सर्व्हरच्या यादीत फक्त डोमेन आहे, असं होतं. हवा तो पत्ता यादीत टाका, सरसकट सगळ्यांना परवानगी देऊ नका.

४०० आला तर लॉगिनच्या मागे लागू नका. मध्ये एनजिनएक्स असेल तर 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे हेडर पुढे जातायत का ते बघा.

वैतागून ऑथेंटिकेशनच बंद करायचा मोह होतो. ते करू नका. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून थेट इंटरनेटवर दिसू शकतो. मग कोणीही जोडून खोटा भाव पाठवू शकेल, आणि तो बघून शेतकरी गाडी भरून निघेल. पुढे एनजिनएक्स असेल तर पोर्ट १२७.०.०.१ वरच बांधा.