पाठीवरचं छप्पर

पालघर तालुक्यातलं माकुणसार हे सफाळ्याजवळचं गाव. आषाढात इथल्या खाचरांत भाताची लावणी चालते. वरून धो धो पाऊस, खाली घोटाभर चिखल, आणि माणसं कमरेत वाकलेली. आता सांगा, अशा वेळी छत्री कोणत्या हातात धरायची? एका हातात रोपांची जुडी आणि दुसरा हात रोवणीला!

ही अडचण आपल्या भागातल्या माणसांनी फार पूर्वीच सोडवली होती. त्यांनी इरलं बनवलं. बांबूच्या बारीक कांब्यांच्या दोन जाळ्या विणायच्या आणि मध्ये पळसाची किंवा सागाची पानं दाबून बसवायची. ते डोक्यावर अडकवलं की पाठीवरून खाली उतरतं. पुढून उघडं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे!

इरल्याची वीण नीट बघा. तिच्यात अनेकदा षट्कोनी भोकं दिसतात. कांब्या तीन दिशांनी एकमेकींना अडवून धरतात, म्हणून थोड्याच बांबूत जाळी ताठ राहते आणि वजनाला हलकी होते. पानांवर मेणासारखा थर असतो, तो पाणी आत मुरू देत नाही. पानं कौलांसारखी एकावर एक चढवलेली असली की थेंब घरंगळत खाली जातो. कुणी शोधलं, नाव ठाऊक नाही. पण माझ्या मते तो शोधणारा अव्वल दर्जाचा औद्योगिक डिझाइनर होता!

अशा डिझाइनचं शिक्षण पवईच्या आयआयटीत मिळतं. तिथलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर 1969 साली सुरू झालं. ते उभारण्यात सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. तिथल्याच प्रा. ए. जी. राव यांनी पुढे बांबूच्या वस्तूंवर वर्षानुवर्षं काम केलं.

बांबूत पिष्ट असतं आणि भुंगेऱ्यांना ते फार आवडतं. म्हणून बांबू पाण्यात भिजवून ठेवतात किंवा वस्तू चुलीवर धुरात टांगतात. एवढं केलं की ती बरीच टिकते. मोडल्यावर बांधावर टाका. बुरशी, वाळवी आणि जिवाणू तिची माती करतात.

आज पाठीवर प्लास्टिकचा कागद आला. स्वस्त आहे, सहज मिळतो, म्हणून वापरणाऱ्याला बोल लावता येत नाही. पण उन्हाने त्याचे तुकडे पडतात आणि ते खाचरातच राहतात, कारण जिवाणूंना त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या सहजासहजी तोडता येत नाहीत.

मग ‘विघटनशील’ प्लास्टिक वापरायचं? थांबा! मक्याच्या साखरेपासून पीएलए नावाचं प्लास्टिक बनतं. ते झटपट कुजायला साधारण 60 अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढा ऊबदार चिखल माकुणसारला कुठून आणणार? म्हणून असा शिक्का दिसला की दुकानदाराला विचारा: कुठे कुजतं? किती दिवसांत?

इरल्यातही एक खोट आहे. त्याची घडी होत नाही. ते घेऊन सफाळ्याहून लोकलमध्ये चढून बघा! घडीचं इरलं करायचं तर सांधा कुठे द्याल? तो सांधाही मातीत कुजायला हवा, म्हणजे खिळा नाही, नायलॉनची दोरी नाही. केळीचं सोपट चालेल? काथ्या चालेल? चित्र काढा आणि काड्या-पानांचं छोटं इरलं करून नळाखाली धरा.