पाच हजारांचा आकडा: इंजिन ऑइलच्या पन्नास वर्षांचा मागोवा

गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, असं आपल्याकडच्या नाक्यावरच्या गॅरेजात विचारलं तर आजही बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: पाच हजार. गाडी १९९० ची असो की कालपरवा शोरूममधून आलेली. त्याच गाडीच्या सर्व्हिस बुकात दहा हजार छापलेलं असतं, काही गाड्यांच्या बुकात पंधरा. मालक दोघांच्या मध्ये अडकतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. पण मागच्या पन्नास वर्षांत आपल्या गाड्या, आपलं पेट्रोल आणि ते ऑइल यांत काय काय बदललं ते नीट पाहिलं, तर पाच हजार हा आकडा कुठून आला हे कळतं आणि कुणासाठी तो अजूनही खरा आहे हेही कळतं.

सुरुवात फियाट आणि अँबेसेडरपासूनच करायला हवी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्याहून येणारी अँबेसेडर, दोघींची इंजिनं मूळची १९३० ते १९५० च्या दशकांतली, एक इटालियन आणि एक ब्रिटिश. त्या काळी ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांच्या पुस्तकांत ऑइल बदलायला ३,००० मैलांचा आकडा सर्रास असे. ३,००० मैल म्हणजे ४,८२८ किलोमीटर. आपल्या पाच हजारांचं मूळ तिथेच असावं असं मला वाटतं.

त्या इंजिनांना तो आकडा रास्तच होता. सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली की कार्ब्युरेटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत सोडायचा. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरायचं आणि ऑइल पातळ करायचं. पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असे, आणि ते शिसं इंजिनात साचू नये म्हणून क्लोरीन-ब्रोमीनची संयुगंही. जळल्यावर त्यांची आम्लं होत आणि त्यांचा काही भाग ऑइलमध्ये येई. डिझेलमध्ये गंधक भरपूर, त्याचंही आम्लच. त्यात कच्चे रस्ते आणि पिस्टनपर्यंत पोचणारी धूळ. ऑइलसुद्धा बऱ्याचदा एकाच ग्रेडचं, तीस किंवा चाळीस नंबरचं. थंडीत घट्ट आणि उन्हाळ्यात पाण्यासारखं. इंडियन ऑइलचं सर्व्हो १९७२ मध्ये बाजारात आलं. १९७४ मध्ये एस्सोचं आणि १९७६ मध्ये बर्मा-शेलचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि वंगणाचा मोठा भाग सरकारी कंपन्यांकडे गेला.

गाडी ऑइल खाते ही तेव्हा तक्रार नव्हती, गृहीत धरलेली गोष्ट होती. पेट्रोल पंपावर बॉनेट उघडून गेज बघायचं, कमी असेल तेवढं ओतायचं. गाडी धूर मारायला लागली की रिंगा बदलायच्या, पुढे बोरिंग. ‘इंजिनाचं काम निघालं’ हे वाक्य प्रत्येक गाडीवाल्या घरात कधी ना कधी ऐकू यायचंच. अशा इंजिनात वेळेवर बदललेलं ऑइल हे मोठ्या खर्चाविरुद्धचं एकमेव हत्यार होतं. ज्या मिस्त्र्यांनी पाच हजारांचा नियम पाळला आणि पाळायला लावला, त्यांच्या हातून गेलेल्या पद्मिनी टॅक्स्या मुंबईत वर्षानुवर्षं धावल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. त्या मिस्त्र्यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पहिला बदल इंजिनाच्या आत झाला. भाग अधिक अचूक मापाने घडवलेले, फटी कमी, ऑइल जळण्याचं प्रमाण खूपच कमी. नव्या मालकाला एक पुस्तक मिळायचं आणि त्यात पानोपानी किलोमीटरबरोबर महिनेही लिहिलेले असायचे. लोकांनी किलोमीटर लक्षात ठेवले, महिने विसरले. या विसरण्याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

दुसरा बदल तेलाच्या बाजारात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वंगणाचा व्यापार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, आणि बहुग्रेड ऑइल, म्हणजे २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, गल्लीतल्या दुकानात मिळू लागलं. त्यात मळ सुटा ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं चांगल्या दर्जाची होती.

तिसऱ्या बदलाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत निर्णायक तोच. इंधन बदललं. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा २००० साली ०.२५ टक्के होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं तेव्हा ती दहा लाख भागांत फक्त १० भागांवर आली. म्हणजे वीस वर्षांत अडीचशे पटींनी कमी. याच काळात कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि पेट्रोल मोजून फवारलं जाऊ लागलं. ज्या आम्लांसाठी आणि ज्या पातळ होण्यासाठी पाच हजारांचा नियम होता, त्यांतलं बरंच काही उरलंच नाही. कंपन्यांनी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा हिशेब छापायला सुरुवात केली. स्कोडा-फोक्सवॅगनने पंधरा हजार किंवा एक वर्ष. हे आकडे ग्राहकाला खूश करायला काढलेले नव्हते, त्यांच्यामागे हा सगळा बदल होता.

गॅरेजात मात्र ऑइलचा रंग बघून निकाल देण्याची सवय राहिली. गेजवर काळं दिसलं की बदला. आजच्या ऑइलचं कामच मुळी काजळी अंगावर घेऊन ती तरंगत ठेवण्याचं आहे; डिझेल इंजिनात ते काही शे किलोमीटरमध्येच काळं पडतं. उलट सीएनजीवर ऑइल बराच काळ सोनेरी राहतं, पण आतून उष्णतेने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी ते खराब होतच असतं. रंगावर विसंबणारा माणूस एकीकडे चांगलं ऑइल फेकतो आणि दुसरीकडे संपलेलं वापरत राहतो.

मग आता दहा हजार हाच नियम का? तिथेही मला थांबावंसं वाटतं, कारण ऑइलला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतात तास, उष्णता आणि इंजिन थंड असताना केलेल्या सुरुवाती. पुण्यात कोथरूडहून मगरपट्ट्याला रोज जाणारी गाडी सरासरी ताशी १५ किलोमीटरने चालली, तर दहा हजार किलोमीटरला तिचं इंजिन ६६७ तास चालतं. द्रुतगती महामार्गावरून सतत ये-जा करणारी गाडी सरासरी ताशी ६० ने चालली तर १६७ तास. सर्व्हिस बुकात दोघींना एकच रकाना. महामार्गवाल्याने पाच हजाराला ऑइल बदलणं म्हणजे पैसे ओतून देणं, आणि शहरातल्या गाडीला मात्र जुन्या मिस्त्रीचं म्हणणं अजून लागू पडतं.

त्याहून वाईट स्थिती दिवसाला दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीची. शाळा, भाजी, दवाखाना. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं वाफेच्या रूपात पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये जातं. इंजिन पुरेसं तापलं तर ते उडून जातं. तापायच्या आतच बंद केलं तर तिथेच मुरतं. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडून पाहावं, आतल्या बाजूला पांढरट लगदा जमलेला दिसतो. वर्षभरात ही गाडी तीन हजारही पूर्ण करत नाही आणि मालक समाधानाने म्हणतो, अजून सात हजार बाकी आहेत. पुस्तकातली ‘किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ ही अर्धी ओळ त्याच्यासाठीच छापलेली असते. बहुतेक मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळं पान असतं: थोड्या अंतराच्या फेऱ्या, तुंबलेली वाहतूक, धूळ. ते वाचलं तर आपल्या शहरांतल्या बहुसंख्य गाड्या त्यात बसतील, आणि त्यांना मुदत कमी करायला सांगितलेली आढळेल.

बीएस-६ डिझेलने तर जुना अनुभव उलटाच केला. काजळी अडवणारा फिल्टर साफ करण्यासाठी अनेक इंजिनं सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडतात. गाडी शहरातच घुटमळत राहिली तर ही सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. गेजवरची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढते. पातळी वाढलेली पाहून ‘ऑइल भरपूर आहे’ असं समजणं धोक्याचं. ते पातळ झालेलं आहे, बदलायलाच हवं. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, आणि नव्या पेट्रोल इंजिनांना ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-१६ सारखं पातळ. तिथे सवयीने २०डब्ल्यू-५० ओतणं हे उशिरा बदलण्याइतकंच चुकीचं आहे.

आणि काढलेलं ऑइल जातं कुठे? जळकं ऑइल म्हणून ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासलं जातं, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावलं जातं, पुष्कळदा सरळ गटारात. साडेतीन लिटरचं इंजिन आणि वर्षाला वीस हजार किलोमीटरची महामार्गावरची धाव धरली, तर पाच हजारांच्या हट्टापायी सातऐवजी चौदा लिटर बाहेर पडतं. कायद्याने हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याचा ठरावीक हिस्सा पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी आली आहे, आणि ती पार पाडता येण्याजोगी आहे. इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये संपलेली असतात ती मुख्यतः रसायनं; पाणी, इंधन आणि मळ काढून टाकला की मूळ तेलातून पुन्हा उत्तम बेस ऑइल तयार करता येतं.